सेतूला जे वाचून दाखवलं नाही

बुधवार होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. फोनवर सेतूचं नाव दिसलं आणि मी फोन उचलला नाही. रविवारी येतो तेवढं पुरत नाही, आता मधल्या वारीही सुरू झालं का, असं मनात म्हटलं. टेबलावर एका मराठी अंकासाठी घेतलेला लेख अर्धा पडला होता आणि पुढे सरकत नव्हता, त्यामुळे वैताग आधीचाच होता. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी उचलला तर सेतू नव्हता, त्याची मुलगी तुळजा होती. त्या दिवशी तो फोन घरीच विसरून कचेरीत गेला होता. "आत्या, अप्पा आफिसांत पडले. पापनाशमच्या आस्पत्रींत आहेत. अम्मा गेली, तू पण जा..." सतरा वर्षांची पोर, पण आवाज अगदी स्थिर होता. मी तंजावरहून पापनाशमला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर तमिळमध्ये हळू आवाजात काहीतरी सांगत होते, कमला, माझी भावजय, भिंतीला टेकून ऐकत होती, आणि मला आठवत होतं ते एवढंच की दोनदा फोन वाजला नि मी उचलला नाही.

सेतूमाधव माझा धाकटा भाऊ. वय बावन्न. जाऊन दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे आणि सेतूबद्दल गोड लिहायला काहीच कष्ट नाहीत, तो होताच तसा. तालुका कचेरीतली नोकरी, बायको, दोन मुलं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अडचण त्याची नाही, माझी आहे. मी त्याचा हेवा करत होते. थोडाथोडका नाही, चांगली चार वर्षं. आणि त्या हेव्यापायी मी जे केलं ते सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल एक ओळ लिहायचा हक्क नाही.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. किती पिढ्यांपूर्वी आलो ते आता मोजायचं कारण उरलेलं नाही. घरात मराठी बोलायची, शाळेत नि कचेरीत तमिळ लिहायची, हे इथल्या सगळ्याच मराठी घरांचं चालत आलेलं. मराठी लिहिता-वाचता येणं ही निराळी गोष्ट, ती इथे फार थोड्यांना येते. आमच्या घरात मला एकटीला येते. कॉलेज झाल्यावर मी हट्टाने पुण्याला गेले, मराठी घेऊन एम. ए. केलं, परत येऊन इथल्या शाळेत शिकवू लागले आणि त्याच सुमारास तिकडच्या अंकांतून 'तंजावरची मराठी' या विषयावर लिहायला लागले. महाराष्ट्रातून राजवाडा पाहायला येणारे लोक मग माझ्याकडेही येऊ लागले. मी त्यांना कॉफी द्यायची, आमचे जुने शब्द सांगायचे, त्यांनी वहीत उतरवून घ्यायचे. तंजावरची मराठी म्हणजे अक्का, म्हणजे मी, असं एक समीकरण झालं होतं. ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझा स्वतःचा मुलगा चेन्नईला असतो. त्याला मराठी समजते, पण उत्तर तो इंग्रजीत देतो. त्यामुळे घरात कुणी विचारलं नाही तरी बाहेरून लोक विचारायला येतात, या आधारावर माझे दिवस जात होते.

आणि मग सेतूला झोळीचं वेड लागलं. हॅमॉक म्हणतात त्याला. दोन झाडांना पट्टे बांधायचे, मध्ये कापडाची झोळी, वर पावसासाठी ताडपत्री, आणि रात्री त्यातच झोपायचं. कुठेतरी पाहून आला, हवाई छत्रीला लागतं तसलं पातळ कापड मागवलं आणि आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून चार झोळ्या शिवून घेतल्या. पहिला मुक्काम ओरत्तनाडूला, एका मित्राच्या नारळाच्या बागेत. सरळसोट झाडं पाहून यांनी आनंदाने झोळ्या बांधल्या. संध्याकाळी बागेचा राखणदार आला आणि कपाळावर हात मारून ओरडायला लागला, की नारळाच्या झाडाखाली कोण झोपतं, डोक्यात नारळ पडला तर पोलीस मला धरतील, तुम्हाला नाही! चौघांनी मुकाट्याने सगळं सोडून बांधावरच्या आंब्यांना बांधलं. तुळजाने हे सगळं फोनवर टिपलं होतं. सेतूने त्यावर आपल्या बोलीत बोलून ते लोकांसाठी टाकलं. "हे पाहा, ही थोर माणसांची झोळी. लेंकराची झोळी आई हालवती, ही वारा हालवतो. पण खोबरं खायाचं असलं तरच नारळीस बांधा." थोर म्हणजे आमच्या बोलीत वयाने मोठं. हा त्याचा पहिला व्हिडिओ.

त्यानंतर सुट्टी मिळाली की चौघं पाठीवर बोचकी टाकून निघायचे. कोल्लीमलै, सिरुमलै, पच्चमलै, ज्या डोंगरावर राहायची परवानगी मिळेल तिथे. कमलाच्या पिशवीत इडलीची पूड आणि तेल, गुरूच्या, म्हणजे धाकट्याच्या पाठीवर ताडपत्र्या. त्या व्हिडिओंत चौघं पाठमोरे डोंगर चढत जाताना दिसतात ना, तेव्हा फोन मागे एका दगडावर उभा केलेला असायचा. शंभर पावलं पुढे गेल्यावर सेतू एकटा परत यायचा, फोन उचलायचा, पुन्हा चढून त्यांना गाठायचा. दिवसातून वीस वेळा. "मी प्रत्येक डोंगर दोनदा चढलों," असं तो हसत सांगायचा. आम्ही ऐकून हसायचो... तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

वर्षभराने माझ्याकडे नागपूरच्या एक बाई आल्या. मी नेहमीप्रमाणे कॉफी ठेवली, वही उघडा म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, ते झोळीवाले सेतूदादा इथेच कुठे राहतात का?" माझा भाऊ आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. वही त्यांनी उघडलीच नाही. सेतूबरोबर फोटो काढून, त्याच्या तोंडून दोन वाक्यं ऐकून त्या खुशीत निघून गेल्या. तीस वर्षं शब्द गोळा केले मी, आणि लोकांना हवा होता दोरीच्या गाठी बांधत बडबडणारा माझा भाऊ. त्यात भर म्हणजे त्याची मुलं. तुळजा आणि गुरू, घरात तमिळशिवाय बोलत नव्हती ती पोरं कॅमेऱ्यासमोर घडाघडा मराठी बोलायला लागली. माझ्या डोळ्यांत काही सललं असेल तर ते हे.

लोक त्याला लिहायचे. काही जण इंग्रजी अक्षरांत लिहायचे, ते तो स्वतः वाचायचा. पण बहुतेक महाराष्ट्रातले लोक मराठी अक्षरांत लिहायचे आणि ते त्याला नुसतं पांढऱ्यावर काळं. एकदा तुळजाने फोनलाच भाषांतर करायला सांगितलं. कुणीतरी लिहिलं होतं की पोट धरून हसलो, तर यंत्राने तमिळमध्ये सांगितलं की या गृहस्थांना पोटाचा विकार आहे. तेव्हापासून यंत्र बंद. "अक्का, तूच वाच," सेतू म्हणाला. "तूं वाचलीस म्हणजे ते लोक घरांत येऊन बोलूलागल्यासारखं होतं." असा दर रविवारचा शिरस्ता पडला. सकाळी नऊला सेतू आणि कमला यायचे, मी चष्मा लावून त्याचा फोन हातात घ्यायची, तो समोर मांडी घालून बसायचा आणि मी वाचायची.

पहिली कॉमेंट गाळली ती मला शब्दन् शब्द पाठ आहे. 'तंजावरची मराठी म्हणून आजवर लेख वाचत होतो, सगळा कोरडा भात. खरी चव इथे आहे.' लेख कुणाचे ते लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरज होती का? वाचता वाचता माझं बोट पुढे सरकलं आणि तोंडाने पुढची कॉमेंट वाचली, दोरी कुठे मिळते म्हणून कुणीतरी विचारलं होतं. सेतूने मोठ्या उत्साहाने दोरीवर दहा मिनिटं सांगितलं. माझ्या मनात आलं, एकच तर गाळली, ती माझ्यावरच होती. पण एकदा गाळता येतं हे कळलं की हाताला सवय लागते. पुढच्या रविवारी बडोद्याच्या कुणी लिहिलं होतं, 'आमचे आजोबा तंजावरहून इकडे आले. ते असंच बोलायचे. ते गेल्यावर आज पहिल्यांदा हे बोलणं कानावर पडलं. बायकोला हाक मारली, दोघांनी मिळून परत ऐकलं.' यात माझ्याबद्दल काही नव्हतं. तरी गाळली. का गाळली? मला कुणी कधी असं लिहिलं नव्हतं म्हणून. एक बाई लिहायच्या की मुलं परदेशात, घरात बोलायला कुणी नाही, दुपारी ताट वाढून घेते आणि तुमचा व्हिडिओ लावते, मग घास उतरतो. त्या दर वेळी लिहायच्या. सेतूला त्या आहेत हेही माहीत नव्हतं.

मग मी वाचायची काय? कॅमेरा फार हलतो. आवाज नीट येत नाही. पिशवीचं वजन किती भरतं. छान. छान. सुंदर निसर्ग. बिचारा सगळं मनावर घ्यायचा. कॅमेरा हलतो म्हटल्यावर त्याने काठीला फोन बसवायची सोय केली, आवाज येत नाही म्हटल्यावर कॉलरला लावायचा माइक आणला. मी वाचून दाखवायची तेवढ्याच तक्रारींवर त्याचं काम सुधारत गेलं, आणि ते जितकं सुधारलं तितकी मला गाळायला जास्त मिळायला लागली.

एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. पच्चमलैला. मी चालत वर पोचले, त्याचंच केवढं कौतुक झालं. सेतूने माझ्यासाठी वेगळी झोळी बांधली, खाली गवत पसरलं, आणि समजावून सांगितलं, "अक्का, नीट मधोमध बस, मग तिरपी हो. सरळ निजलीस तर पाठ धरती." मला सगळंच येतं अशा थाटात मी कडेला बसले आणि झोळी उलटून पाठीवर आपटले. साडी कुठे, चष्मा कुठे! गुरू तर लोळून लोळून हसला. कॅमेरा चालू होता. सगळे म्हणाले, हे टाका, लोक हसून बेजार होतील. सेतूने तिथल्या तिथे तेवढा तुकडा पुसून टाकला. "माझी अक्का पडल्याली लोकांनी कशास पाहायची?" एवढंच म्हणाला. मला लाज वाटेल ते त्याने गाळलं. त्याला आनंद होईल ते मी गाळत होते. हे त्या दिवशी, पाठ शेकत बसले असताना, माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा गाळलं.

गेल्या वर्षी कधीतरी, वाचून झाल्यावर, तो लगेच उठला नाही. मांडीवरच्या फोनकडे बघत म्हणाला, "अक्का, एक विचारूं? मी बोलतों ते कमी करूं का?" मला आता वाटतं की त्या क्षणी देवाने मला एक संधी दिली होती. मी चष्मा पुसत म्हटलं, "बघणाऱ्याला डोंगर बघायचे असतात, सेतू. फार बोललं की रसभंग होतो." तो "सेरी" म्हणाला. बरं, ठीक, याला आम्ही इथे सेरी म्हणतो. त्यानंतरच्या व्हिडिओंत तो बोलायचा कमी झाला. आधी दोन-चार वाक्यं, मग नुसतं गावाचं नाव. शेवटच्या व्हिडिओत तर वाऱ्याचा आवाज, झऱ्याचा आवाज, पट्टे आवळताना दोरीची करकर, बाकी काही नाही. मी मनाशी म्हटलं, याला आता संयम आला, कलेची जाण आली. शिक्षकाच्या जिभेवर असले शब्द तयार असतात. मला आत कुठेतरी फार बरं वाटत होतं... ते मात्र मी कुणाला म्हटलं नाही.

लोकांनी लिहिलं, 'दादा, हल्ली बोलत का नाही? आम्ही तुमच्या बोलण्यासाठी येतो, डोंगर काय, आमच्याकडेही आहेत.' एकाने नाही, कितीतरी जणांनी. तेही गाळलं.

तेरावा झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी नऊला दार वाजलं. कमला आली होती, मागे तुळजा. कमलाच्या हातात सेतूचा फोन होता. नेहमीच्या जागी बसली आणि म्हणाली, "अक्का, आतां सांगा. ते नाहींत, आतां त्यांस काय लागायचं नाहीं. लोक काय काय शिव्या देऊलागले होते?"

"कसल्या शिव्या?" मी विचारलं.

"तुम्ही वाचतांना सोडीत होतांत ना, त्या. तुमचं बोट चारदां सरायचं आणि तोंड एकदां बोलायचं. त्यांनी कधींच पाहिलं होतं. घरीं येऊन मला म्हणायचे, अक्कास विचारूं नक्को. आपली मराठी मोडकी, तिकडच्या लोकांस हसूं येतं, ते वाईट लिहितात. अक्का एकटी अस्कं गिळूलागली आहे, मला कळूं देत नाहीं. माझी अक्का म्हणून एवढं करती." अस्कं म्हणजे सगळं. कमला पदराने डोळे पुसत होती आणि माझ्याकडे मायेने पाहत होती. "मग म्हणाले, मीच बोलायचं सोडतों. म्हणजे तिला गिळायास नक्को."

 खरं सांगते, मी मनात एक खोटं जुळवत होते. दोन-चार लोक वाईट लिहायचे, त्यांचं काय मनावर घ्यायचं, असं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मराठी वाचता येणारी घरात मी एकटी. कमलाने मला जन्मभर देव्हाऱ्यात बसवलं असतं. वाक्य अगदी ओठापर्यंत आलं होतं. पण ती ज्या मायेने बघत होती ते सोसेना. मी फोन घेतला, बडोद्याची ती कॉमेंट शोधली आणि वाचली. मग ताट वाढून व्हिडिओ लावणाऱ्या बाईंची वाचली. मग आणखी एक. चौथी संपली तेव्हा कमला म्हणाली, "ह्यांत वाईट कोठें आहे?"

"वाईट नाहीच आहे. एकही वाईट नव्हती."

"मग सोडलांत कां?"

"मला बघवलं नाही," मी म्हटलं. "लोक त्याच्यावर एवढं प्रेम करतात ते मला बघवलं नाही, कमला."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातला फोन घेतला, त्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं, तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, आणि फोन परत माझ्या हातात ठेवला. "वाचा," म्हणाली. "पहिल्यापासून अस्कं वाचा." दुपारचे दोन वाजेपर्यंत मी वाचत होते, तरी सगळं संपलं नाही. घसा बसला. पाणी मागायचा मला धीर झाला नाही आणि तिने ते आणलं नाही. मधे एकदा, पोटाच्या विकाराच्या त्या गृहस्थांची मूळ कॉमेंट आली तेव्हा ती हसली, आणि लगेच थांबली, कारण सोबत हसायला शेजारी सेतू नव्हता.

हा लेख वाचणाऱ्यांत असे काही जण असतील ज्यांनी सेतूला लिहिलं होतं. बडोद्याचे ते गृहस्थ असतील, त्या बाई असतील. तुम्हाला वाटलं असेल की त्याने वाचलं, उत्तर द्यायला वेळ झाला नसेल. त्याला ते पोचलंच नाही. तुम्ही लिहिलेलं माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यापाशीच राहिलं. तो गेला तो असं समजून, की तुम्हाला त्याची मराठी आवडत नाही. माफी तुमच्याकडे मागून काय उपयोग, ज्याच्याकडे मागायची तो मलाच जपत गेला. पण तुम्हाला हे कळायला हवं.

त्या रविवारी निघताना तुळजा दारात थांबली.  "आत्या, मला हीं अक्षरं शिकीव," म्हणाली. "पुढचं मी वाचीन." यात राग होता का, मला सांगता येणार नाही. विश्वास मात्र नव्हता, आणि तो का असावा? दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेज सुटल्यावर रोज येते. वही उघडते, क ख ग गिरवते, अक्षर चुकलं की स्वतःच खोडते. कॉफी दिली तर घेत नाही. हुशार आहे, महिन्याभरात जोडाक्षरांपर्यंत आली. आता रविवारी वाचन तीच करते. कमला सेतूच्या जागी बसते, मी बाजूला. तुळजा एकेका अक्षरावर बोट ठेवते आणि सगळं वाचते, 'छान' सुद्धा, नुसते हात जोडलेलं चित्र असेल तर तेही सांगते. काही म्हणजे काही सोडत नाही.

परवाच्या रविवारी ती शेवटच्या व्हिडिओपाशी पोचली. "दा-दा," तिने वाचलं. "हल्... हल्ली. बो-लत का ना-ही." एवढं वाचून ती थांबली. अक्षर अडलं असेल म्हणून मी सवयीने पुढे वाकले. अक्षर अडलं नव्हतं. ती वर मान करून माझ्याकडे बघत होती, कमलाही बघत होती, आणि लोकांनी सेतूला विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर आम्हा तिघींपैकी मलाच द्यायचं होतं.